किटलीच्या दाढेतले किडे

त्या जानेवारीत किला गेटच्या रस्त्यावर सकाळी दहापासून रांग लागायची. ग्वाल्हेरची थंडी अंगात मुरलेली, माणसं शाली-मफलर गुंडाळून, गालावर हात धरून उभी. गालावर हात धरलेली शंभर माणसं एका ओळीत पाहिली की लांबून वाटावं, कुणीतरी गेलंय. पण इथे कुणी गेलं नव्हतं, उलट जत्रा भरली होती. उमाजीच्या चहाच्या टपरीवर दोन किटल्या कमी पडत होत्या, बांगडीवाल्याने गिऱ्हाइकांसाठी बाहेर बाकडं टाकलं होतं, आणि भगव्या कापडाच्या मांडवात बसून कीटहर महाराज लोकांच्या दातांतले किडे काढत होते.

अगदी डोळ्यांदेखत काढत होते. महाराजांपुढे पितळेची परात, परातीत पाणी. पाण्याच्या मधोमध वीट आणि विटेवर तापवून लाल केलेला लोखंडाचा तुकडा. त्यावर ते चिमूटभर जडी टाकत, वर चमचाभर तेल सोडत, की लगेच त्यावर मातीचं मडकं उपडं घालत. मडक्याच्या बुडाला भोक आणि भोकात बोरूची नळी. दुखणेकऱ्याने नळी तोंडात धरायची, धूर दुखऱ्या दाढेवर खेळवायचा, डोळे मिटायचे आणि एकशे आठपर्यंत मोजायचं. मग महाराज मडकं उचलत. पाण्यावर किडे तरंगत असत. पांढरे, आखूड, शेपटीकडे वळलेले.

"न सुई, न कैंची, न दर्द," महाराज सांगत. "कीड़ा धुएँ की डोर पकड़ के नीचे उतरता है. डॉक्टर मुँह खोल के देखता है, हम बंद मुँह में देखते हैं. दृष्टि चाहिए, भैया, दृष्टि."

यावर रांगेतली माणसं माना डोलवत. किडा एवढा आज्ञाधारक कसा, नळीतून नेमका खालीच कसा उतरतो, वर येऊन माणसाच्या पोटात का जात नाही, असले प्रश्न दाढ ठणकत असताना कुणाला सुचत नाहीत.

सीमंतिनी तिथे पोचली ती दुपारी दोनच्या सुमाराला. गोरखीजवळच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवायची. घर नया बाजारात. शाळा सुटता सुटता सासूबाईंचा, लीलाताईंचा फोन आला होता, "तन्वीला घेऊन किला गेटला आलेय. येताना घेऊन जा आम्हाला." सीमंतिनीला वाटलं, बांगड्या घ्यायला गेल्या असतील. ई-रिक्षातून उतरून तिने बघितलं तर तिची सात वर्षांची मुलगी मांडवात पाटावर बसलेली, तोंडात नळी, डोळे घट्ट मिटलेले. लीलाताई शेजारी हात जोडून उभ्या.

ती गर्दीतून वाट काढेपर्यंत मोजणी संपली. महाराजांनी मडकं उचललं.

"नौ," ते म्हणाले. "नौ कीड़े पाल रखे थे बिटिया ने."

गर्दीतून एक हुंकार उठला. महाराजांनी तन्वीच्या दाढेवर कापसाचा बोळा दाबला, त्याला ते अमृतबिंदू म्हणत. तन्वीने डोळे उघडले, आईला पाहिलं आणि हसली. "आई, मेरे नौ निकले. त्या दादाचे फक्त पाच."

सीमंतिनीच्या ओठांवर पुष्कळ काही आलं होतं. पण सासूबाईंचे डोळे भरून आले होते, शंभर माणसं बघत होती, आणि तिचं स्वतःचं मनही साफ नव्हतं. तन्वी पंधरा दिवसांपासून दाढ दुखते म्हणत होती. परीक्षेचे पेपर तपासायचे होते. नवरा श्रीपाद रेल्वेच्या कामाने झाशीला. आणि सीमंतिनी, विज्ञानाची शिक्षिका, मुलीला म्हणाली होती, "दुधाचीच दाढ आहे ना, पडेल आपोआप." आता कुठल्या तोंडाने बोलणार?

ई-रिक्षात बसल्यावर लीलाताईच बोलल्या. "तू रागावलीस, मला दिसतंय. पण पोर रडत होती गं. तुला वेळ नव्हता. मी काय करायचं?"

"आई, मी तुमच्यावर नाही रागावले."

"मग झालं तर. आणि बघ, हसून राहिली आहे की नाही?"

तन्वी खरंच हसत होती. दोन दिवस हसली. गजकसुद्धा खाल्ली. थंडीत ग्वाल्हेरच्या घरात तीळगुळाची गजक नसेल तर ते घर कसलं. आणि ती दातांना किती चिकटते हे ज्याने खाल्ली त्यालाच ठाऊक. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, तन्वी उठली तेव्हा तिचा उजवा गाल डोळ्यापर्यंत सुजला होता आणि अंग भाजत होतं.

नया बाजारातच डॉक्टर सोनिकाचा दातांचा दवाखाना होता. तिशीतली, हसरी मुलगी. शिक्षण संपवून दोन वर्षांपूर्वी तिने दवाखाना थाटला होता. रविवारी बंद असतो, पण सीमंतिनीचा आवाज फोनवर ऐकून ती चपला घालून खाली आली. तिने सर्वांत आधी दिवा वळवला आणि तन्वीला म्हणाली, "तोंड उघड. मोठ्ठं. अजून मोठ्ठं."

सीमंतिनीने वाकून पाहिलं. दाढेला काळा खड्डा, आणि खाली हिरडीवर वाटाण्याएवढा फोड.

सोनिकाने सुई टोचल्याचं तन्वीला कळूही न देता पू काढला, औषधं लिहून दिली. मग हात धुऊन बसली. "मुळापर्यंत गेलंय. अजून दोन दिवस थांबला असता तर इस्पितळात न्यावं लागलं असतं. सूज गळ्याकडे उतरते मग."

"पण तिचे किडे तर काढले," लीलाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मी स्वतः पाहिले. नऊ होते."

"आजी, दात किडतो म्हणतो ना आपण, तो नुसता शब्द झाला. आत कुणी अळी नसते. तोंडात जंतू असतात, डोळ्यांना न दिसणारे. आपण गोड खाल्लं की ते त्याचं आम्ल करतात आणि त्या आम्लाने दात विरघळतो. थोडा थोडा, रोज. दाढेला चिकटलेली गजक म्हणजे त्यांची दिवसभराची मेजवानी."

"मग तिचं दुखणं थांबलं कसं?"

"त्या बोळ्यात लवंगेचं तेल असेल, किंवा बधिर करणारं काहीतरी. कळ थांबली. पू थोडाच थांबतो?"

सीमंतिनीने विचारलं, "दुधाची दाढ आहे. काढून टाकायची का?"

"नाही, वाचवायची. ही दहा-अकराव्या वर्षापर्यंत लागणार आहे. हिच्या खाली पक्की दाढ तयार होतेय, वरचा पू तिलाही खराब करतो. आणि ही लवकर गेली तर शेजारचे दात सरकतात, मग पक्कीला जागा उरत नाही." तिने छोटा आरसा आत धरला. "आणि ही मागची बघा. ही दुधाची नाहीच. सहाव्या वर्षी येते, कुणाच्या लक्षात येत नाही. हीच जन्मभर पुरवायची. हिच्या खाचा मी भरून टाकीन, म्हणजे किडणार नाही."

सीमंतिनीने तेरा वर्षं मुलांना दातांचे प्रकार शिकवले होते. स्वतःच्या मुलीच्या तोंडात तिने आज पहिल्यांदा नीट पाहिलं. घरी येताना तिला महाराजांपेक्षा स्वतःचाच राग जास्त आला होता.

घरी पोचल्यावर लीलाताईंनी देवघराच्या कोनाड्यातून कागदाची पुडी काढून तिच्यापुढे ठेवली. "महाराज म्हणाले होते, तुळशीत पुरा. माझ्याच्याने नाही झालं. श्रीपादला दाखवायचे होते." मग हट्टाने म्हणाल्या, "डॉक्टर म्हणते किडे नसतात. मग हे काय आहे? तू शिकलेली आहेस, तूच सांग."

तो प्रश्न रास्त होता. सीमंतिनीने पुडी पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने त्यातला एक किडा पाण्यात भिजवून काचपट्टीवर ठेवला आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. किड्याला तोंड नव्हतं. अंगावर वळ्या नव्हत्या, पाय नव्हते, आतडं नव्हतं. एका टोकाला मात्र दोन चपटी पानं एकमेकांना चिकटून बसली होती, आणि दुसऱ्या टोकाला निमुळता कोंब. हे चित्र ती दरवर्षी फळ्यावर काढत आली होती. दोन बीजपत्रं आणि एक मुळाचा कोंब. हा किडा नव्हताच, बीमधलं झोपलेलं रोप होतं.

पुडीच्या घडीत एक जळकं टरफलही सापडलं. चपटं, पिवळट, वाटाणा दाबून बसवावा तसं. सीमंतिनी खिडकीशी गेली. शाळेच्या कुंपणाला लागून काट्यांची झुडपं पसरली होती, त्यांना पिवळी गोल फळं लगडलेली. इथे सगळे त्याला भटकटैया म्हणतात. लीलाताईंच्या माहेरी रिंगणी म्हणायचे. तिने एक फळ फोडलं. आत तशाच बिया, शेकड्यांनी. वांग्याच्याच कुळातलं झाड; त्याच्या बीमधलं रोपटं सरळ नसतं, शेपटीसारखं वळलेलं असतं.

पुढचे तीन दिवस ती शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबली. कोरड्या बिया तापल्या लोखंडावर टाकल्या, त्या नुसत्या जळाल्या. तेल घालून पाहिलं, धूर झाला आणि शिपाई पाण्याची बादली घेऊन धावत आला. शेवटी तिने बिया भिजवून फुगवल्या आणि मग टाकल्या. तडतड आवाज झाला. आत वाफ कोंडून एकेक बी फुटलं आणि पोटातलं पांढरं रोपटं टुणकन उडून पाण्यात पडलं. वाटीत सात किडे तरंगू लागले. सीमंतिनी एकटीच मोठ्याने हसली.

तिने फोनवर त्याचं चित्रण करून घरी नेऊन दाखवलं. लीलाताईंनी चष्मा लावून दोनदा पाहिलं. "हे तुझे किडे झाले," त्या म्हणाल्या. "महाराजांचे वेगळे. ते तन्वीच्या तोंडातून आले होते."

किला गेटलाही तिने एकदा जाऊन पाहिलं. रांगेतल्या दोघा-तिघांना चित्रण दाखवलं. एकाने विचारलं, "मैडम, आपका दाँत दुख रहा है क्या?" ती नाही म्हणाली. "तो लाइन छोड़ दीजिए."

त्याच संध्याकाळी संभाजीराव आले. हे त्यांच्याच गल्लीतले, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, चौऱ्याहत्तर वर्षांचे. ताठ चालायचे आणि मोत्यांसारखे दात दाखवत हसायचे. गल्लीतल्या पोरांना ते सांगत, "दात बघा माझे. फौजी दात आहेत." पोरं कौतुकाने बघत. आज मात्र ते दारातच घुटमळले, मग आत येऊन म्हणाले, "सूनबाई, दार जरा लोटून घे."

सीमंतिनीने दार लोटलं.

"तू किला गेटला गेली होतीस म्हणे. लोक हसले."

"हसले, काका."

"मीही काल गेलो होतो. दोन तास उभा राहिलो. माझा मुलगा नातवाला तिथे न्यायचं म्हणून राहिला आहे. मी एक गोष्ट पाहिली." ते पुढे वाकले. "तो कुणाचंही तोंड उघडून बघत नाही. एकाचंही नाही."

"हो. त्याला दृष्टी आहे ना."

संभाजीराव हसले नाहीत. दार नीट लोटलंय ना, ते त्यांनी वळून पाहिलं. मग म्हणाले, "माझ्या तोंडात एकही दात नाही, सूनबाई. नऊ वर्षं झाली. वरची कवळी, खालची कवळी. सुनेला माहीत आहे आणि डॉक्टरीणबाईला. आता तुला."

सीमंतिनीने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"नोकरीत असताना गुल घासायची सवय लागली. तंबाखूची राखुंडी ती. हिरड्या सुन्न व्हायच्या, वाटायचं दात मजबूत झाले. पंचेचाळिशीत हलायला लागले, एकेक करून गेले. आणि मी पोरांना सांगतो, फौजी दात." त्यांनी घसा साफ केला. "त्या महाराजाने माझ्या तोंडातून किडे काढले तर?"

सीमंतिनी सरळ झाली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती सावकाश म्हणाली, "काका, पण मग सगळ्यांसमोर कवळी काढावी लागेल."

"तोच तर विचार कालपासून करतोय," संभाजीराव म्हणाले. "त्याशिवाय का दार लोटायला लावलं?"

रविवारी दुपारी ऊन चांगलं पडलं होतं आणि रांग बांगडीवाल्याच्याही पुढे गेली होती. सीमंतिनी आली, बरोबर डॉक्टर सोनिका होती. लीलाताई आपणहून आल्या होत्या. "महाराजांचा अपमान करायचा नाही," एवढंच त्यांनी बजावलं होतं. तन्वी आता बरी होती, आजीचं बोट धरून उभी होती.

संभाजीराव निमूट रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर पाटावर बसले आणि उजवा गाल दाबून म्हणाले, "महाराज, ऊपर की दाढ़. दस दिन से सोया नहीं."

महाराजांनी डोळे मिटले. "दाढ़ नहीं, बाबूजी, दो दाढ़ें. पीछे वाली में बड़ा है, उसका पूरा कुनबा है. पुराना कीड़ा, ज़िद्दी कीड़ा." जडी पडली, तेल पडलं, मडकं उपडं झालं. संभाजीरावांनी नळी तोंडात धरली आणि डोळे मिटून ताठ बसले. एकशे आठ झाले. मडकं उचललं.

"ग्यारह," महाराज म्हणाले. "फ़ौजी लगते हो, बाबूजी. पूरी टुकड़ी पाल रखी थी."

लोक हसले. संभाजीरावांनी खिशातून पांढरा स्वच्छ रुमाल काढला आणि परातीशेजारी पसरला. क्षणभर ते थांबले. मग त्यांनी तोंडात बोटं घातली, वरची कवळी काढून रुमालावर ठेवली, खालची काढून तिच्याजवळ ठेवली. त्यांचे गाल आत गेले आणि चेहरा एकदम वेगळ्याच, म्हाताऱ्या माणसाचा झाला.

"महाराज," बोळक्या तोंडाने ते म्हणाले, "इनमें से कौन सी दाढ़ में थे?"

रांगेतली माणसं पुढे सरकून रुमालावरच्या कवळ्यांकडे वाकून पाहू लागली. मग कुठेतरी एक लहान मूल खिदळलं.

पण महाराजही कच्चे नव्हते. "मसूड़ों में थे," ते शांतपणे म्हणाले. "दाँत चले गए, कीड़े रह गए. किराएदार मकान गिरने पर भी नहीं जाता."

गर्दीतल्या काही माना पुन्हा डोलल्या. हिरडीत असतील, काय सांगावं. सीमंतिनीला जाणवलं की आता गप्प राहिलं तर काकांनी जे केलं ते वाया जाईल. ती पुढे झाली.

"ठीक आहे, हिरडीत असतील. मग जिला दातही नाहीत आणि हिरडीही नाही, तिच्या तोंडाला नळी लावून बघू. उमाजी, तुमची किटली द्या."

उमाजीची वर्षभराची कमाई महाराजांनी महिन्यात करून दिली होती. पण त्यालाही राहवेना. त्याने रिकामी किटली धुऊन आणून दिली.

"आपकी जड़ी सिद्ध नहीं है," महाराज घाईने म्हणाले.

"माझी नकोच. तुमचीच टाका."

"हम बर्तन का इलाज नहीं करते."

"महाराज, टाका की," रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच म्हणू लागले. महाराज जडीचा डबा मांडीखाली सरकवू लागले तेव्हा रुमालात कवळ्या गुंडाळून उभे राहिलेल्या संभाजीरावांनी नुसता हात पुढे केला. सुभेदाराच्या त्या हाताला नाही म्हणणं अवघड होतं. डबा बाहेर आला.

सीमंतिनीने त्यातल्या ओल्या बियांची चिमूट लोखंडावर टाकली, तेल सोडलं, मडकं घातलं आणि नळीचं टोक किटलीच्या चोचीत खोचलं. "मोजा," ती म्हणाली. सगळी रांग मोजू लागली. पन्नासपर्यंत गंभीरपणे, पुढे हसत हसत, नव्वदनंतर तर पोरांनी आरडाओरडा करून. एकशे आठ. तिने मडकं उचललं.

तन्वी परातीवर वाकली. "चौदा," ती म्हणाली. "आजी, केटली के चौदह निकले. माझ्यापेक्षा जास्त."

मग जे हसू फुटलं ते किल्ल्याच्या कड्यापर्यंत गेलं असेल. उमाजीने किटली डोळ्यांसमोर धरली. "बताया भी नहीं इसने कभी कि दाढ़ दुखती है," तो म्हणाला.

सीमंतिनीने एक भिजलेलं बी नखाने सोललं आणि आतलं वळलेलं रोपटं तळहातावर घेऊन रांगेतून फिरवलं. बी तापतं, आत वाफ कोंडते, बी फुटतं, रोपटं पाण्यात उडतं. वर मडकं असल्यामुळे ते दिसत नाही. तिने चार वाक्यांत सांगितलं.

दोघे-तिघे तरणे बाह्या सरसावून महाराजांकडे निघाले. संभाजीराव आडवे आले. "हाथ नहीं लगाना. पुलिस में शिकायत लिखवाएँगे, कायदे से." कवळी नसल्यामुळे शब्द फुसफुसत होते, पण माणसं थांबली. महाराज परात आवरत होते. सीमंतिनीने हळूच विचारलं, "हे कुठे शिकलात?"

त्यांनी वर पाहिलं. पहिल्यांदाच साध्या आवाजात बोलले. "बाप से. वो दादा से. दस बरस का होने तक मैं भी सच समझता था, मैडम."

"मग कळल्यावर?"

ते परातीतलं पाणी रस्त्यावर ओतू लागले.

एवढ्यात एक बाई पुढे आली. तिच्या कडेवर तीनेक वर्षांचा मुलगा, त्याचे पुढचे चारही दात तपकिरी झालेले. ती चिडली होती. "कल तक ये सच्चे थे, आज आप सच्ची हो गईं. मैं आप पर क्यों भरोसा करूँ?"

सीमंतिनीला हा त्या दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न वाटला. "मत कीजिए," ती म्हणाली. तिने पिशवीतून भटकटैयाची मूठभर पिवळी फळं काढली आणि बाईच्या हातात दिली. "घर ले जाइए. बीज भिगोइए, फिर तवे पर डाल के खुद देखिए. धुआँ मुँह में मत लीजिए, बच्चे को दूर रखिए. जो मैंने कहा वो न निकले, तो यहीं आके सबके सामने मुझे झूठा कहिए."

मग इतरांनीही फळं मागितली. पिशवी रिकामी झाल्यावर पोरं रस्त्याकडेच्या झुडपांकडे पळाली.

पुढचा आठवडाभर किला गेटच्या घराघरांत किडे निघत होते. कुणी ते लोट्यातून काढले, कुणी बुटातून, एकाने जुन्या रेडिओतून. महाराजांच्या मांडवाची जागा बुधवारी रिकामी झाली.

लीलाताईंनी याबद्दल एक शब्द काढला नव्हता. गुरुवारी सीमंतिनी शाळेतून आली तर स्वयंपाकघरात धूर, खिडक्या उघड्या, आणि ओट्याजवळ लीलाताई एका वाडग्यात टक लावून बसलेल्या. वाडग्यात पाच किडे होते. शेजारी लोणच्याची रिकामी बरणी.

"निघाले गं," त्या म्हणाल्या. "बरणीतून." मग त्यांनी वाडगा दूर सरकवला. "पोरीला काही झालं असतं म्हणजे?"

सीमंतिनी त्यांच्याजवळ खाली बसली. "आई, तुम्ही तिला निदान कुठेतरी नेलंत. मी तर पडेल आपोआप म्हणून बसले होते. चूक दोघींची आहे."

"तुझी जास्त," लीलाताई म्हणाल्या. "तू शिकलेली आहेस." आणि दोघी हसल्या.

शनिवारी लीलाताई गल्लीतल्या चार बायका घेऊन सोनिकाच्या दवाखान्यात गेल्या. शाळेतही सीमंतिनीने पालकांची आणि मुलांची सभा बोलावली. भाषण सोनिकाने करायचं ठरलं होतं, पण ऐनवेळी संभाजीराव उठले. त्यांनी मुलांना आपल्या दातांची खरी गोष्ट सांगितली, गुलच्या डबीपासून नऊ वर्षं लपवलेल्या कवळीपर्यंत. एक मुलगा म्हणाला, "आजोबा, दाखवा ना." त्यांनी दाखवली. मुलांना ती फौजी दातांपेक्षा जास्त आवडली.

तन्वीच्या दाढेवर सोनिकाने चंदेरी टोपी बसवली आहे. ती दिवसातून दोनदा दात घासते, झोपण्यापूर्वीचं घासणं तर चुकवत नाही, आणि लीलाताई समोर उभ्या राहून बघतात. पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढीच. गजक बंद नाही झाली. ग्वाल्हेरात ती कोण बंद करणार? पण दिवसभर चघळत राहायची नाही, जेवणाबरोबर खाऊन टाकायची आणि वर खळखळून चूळ भरायची.

याला दृष्टी लागत नाही की सिद्धी लागत नाही. मुलाचं तोंड उघडून, उजेडात धरून, महिन्यातून एकदा आत बघावं लागतं. काळा डाग किंवा खड्डा दिसला तर दुधाचा दात म्हणून सोडून न देता दातांच्या डॉक्टरकडे न्यावं लागतं, दुखायच्या आधी. आणि कुणी चमत्कार दाखवलाच, तर हात जोडण्याआधी त्याला म्हणावं, पुन्हा करा, या वेळी सामान मी मांडतो. चमत्कार खरा असेल तर त्याचं काही बिघडणार नाही. खोटा असेल तर एका मुलाचा गाल सुजायचा वाचेल.